बासरी खाणारा डबा

माझ्या मशीनच्या बॅगेला आतून चेनचा एक कप्पा आहे. त्यात घडी केलेला एक कागद सहा वर्षं पडून आहे. तो तिथे आहे हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ऑफिसात नाही, मंडळात नाही, घरी बायकोलाही नाही. बॅग पुसायची वेळ आली की मी स्वतः पुसतो. बायकोला वाटतं मी टापटिपीचा आहे.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी त्या कागदाची आठवण अशी काही आली की मांडीखालची सतरंजी सरकल्यासारखं झालं. आम्ही अकरावं गाणं ठरवत होतो.

डिंडोलीत आमच्या मंडळाची एक खोली आहे. मंडळ म्हणजे खानदेशातून सुरतेला आलेली दहा-बारा कुटुंबं. कुणी लूमवर म्हणजे यंत्रमागावर, कुणी साडीला लेस लावायला, कुणी शिवणकामात. सगळ्यांना जुन्या गाण्यांचं वेड. वार्षिक कार्यक्रमात आमची सगळ्यांत आवडती अकरा गाणी गायची, असं ठरलं होतं. दहा ठरायला चार महिने लागले. अबोले झाले, चहा बंद झाले, एक जण मंडळ सोडून गेला आणि पुढच्या रविवारी परत आला.

आमच्यात गाण्याला त्याच्या मूळ नावानं कुणी बोलवत नाही. 'सायकलचं', 'निरोपाचं', 'आंधळ्या बैलाचं', अशी आमची आमची नावं. आणि मतदान कांडीनं. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सूत गुंडाळलेली छोटी काडी. सूत संपलं की रिकामी कांडी उरते. एका जागेसाठी दोन गाणी उरली की प्रत्येक गाण्यासमोर लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवायची. दोन्ही गाणी शेवटची एकदा ऐकायची. मग ज्याच्या-त्याच्या आवडीच्या बरणीत कांडी टाकायची. कांडी टाकल्यावर वाद नाही. वाद सगळा आधी.

अकराव्या जागेसाठी 'सायकलचं' आणि 'निरोपाचं' समोरासमोर होती. आणि नवरा-बायकोही. 'सायकलच्या' बाजूनं चंद्रकलावहिनी, 'निरोपाच्या' बाजूनं त्यांचे यजमान, आमचे आप्पा.

आप्पा कडोदऱ्याच्या एका युनिटमध्ये तीस वर्षं लूम चालवतायत. 'निरोपाच्या' गाण्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्ये बासरीचा एक तुकडा आहे. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्या अर्ध्या मिनिटासाठी आप्पा चार महिने भांडत होते. त्यांचं म्हणणं, बाकीचं गाणं नसतं तरी चाललं असतं.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. निरोपाचं गाणं वाजलं की हे डोळे मिटतात, आणि डोळे मिटले की घरातलं एक काम सांगायची सोय राहत नाही. यावर आप्पांनी खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "घे. आधी घसा साफ कर, मग बोल." हा त्यांचा नेहमीचा प्रकार. वहिनींचा आवाज बसलाय, असं आप्पा दोन-तीन वर्षं सांगत होते. वहिनी काडी पदराला बांधायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "यास्नं काई खरं नई, भाऊ."

आप्पांचा दुसरा टोमणा माझ्या वाट्याला. स्पीकर माझा असायचा. गाणं संपलं की ते अहिराणीत म्हणणार, "सुधाकर, तुना डबा बासरी खाई जास." तुझा डबा बासरी खाऊन टाकतो. सगळे हसायचे. मी दोन वर्षांत तीन स्पीकर बदलले. तिसरा चांगला भारीतला होता. त्यानंही बासरी खाल्ली. हसणाऱ्यांत मी पण होतो, हे इथे लिहून ठेवतो. कारण माझा धंदा कानाचा आहे.

मी ऑडिओमेट्री टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. कारखान्यांत हेल्थ कॅम्प लावणाऱ्या एका एजन्सीत नोकरी करतो. माणसाच्या कानाला हेडफोन लावायचा, मशीनमधून बारीक-जाड आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. त्यावरून कागदावर रेघ काढतात, तिला ऑडिओग्राम म्हणतात. रेघ वर राहिली तर कान चांगला. जितकी खाली, तितका मोठा आवाज त्या कानाला लागतो. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. एवढंच.

तर त्या रविवारी वहिनींचं 'सायकलचं' वाजून झालं. मी फोनवर 'निरोपाचं' शोधलं आणि वर आलं ते दाबलं. ते जुनं नव्हतं. कुण्या नव्या मुलीनं तेच गाणं पुन्हा म्हटलं होतं. चाल तीच, ढोलकी तीच. पण बासरी काढून तिथं गिटार घातली होती.

पहिल्या ओळीलाच वहिनी म्हणाल्या, हे ते नाही. मंडळाचे नाना म्हणाले, बदल ते. मी बदलणारच होतो. पण आप्पांनी डोळे मिटले होते, मान डोलत होती. माझा हात थांबला. का थांबला, सांगता येत नाही.

दुसरं कडवं संपलं. गिटार सुरू झाली. आप्पांनी दोन्ही हात वर घेतले, हवेत आडवी बासरी धरली आणि बोटं एकामागून एक उचलायला लागले. जुन्या गाण्यातला सूर जिथे वर चढतो, बरोबर तिथे त्यांची मान डावीकडे कलली. म्हणाले, "बघा. ही जागा बघा."

सगळे हसले. त्यांना वाटलं आप्पा गिटारीची टिंगल करतायत. वहिनी तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

मला हसू आलं नाही. माझ्या हातातला फोन गार पडल्यासारखा वाटला.

लूमच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान एकदम जात नाही. वरचे बारीक आवाज आधी जातात. बासरी, पाखरं, बायकांच्या बोलण्यातले स, च, त. खालचे जाड आवाज टिकतात. ढोलकी ऐकू येते. माणसाला ढोलकी ऐकू आली आणि गाणं पाठ असलं, की बाकीचं गाणं डोकं भरून काढतं. आप्पा आमच्यात बसून गाणं ऐकत नव्हते. ते आठवत होते.

आणि बोलणं? त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं, फक्त मी कधी ते मांडून पाहिलं नव्हतं. लूमच्या शेडमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिथले लोक ओठ वाचतात. इतकी सवय की बाहेर आल्यावरही समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच बोलतात. आम्ही म्हणायचो, आप्पा माणसाकडे किती लक्ष देऊन बोलतात.

त्या दिवशी कांड्या पडल्या, 'निरोपाचं' दोन मतांनी जिंकलं. आप्पा दारात वाकून चपला घालत होते. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभा राहिलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "आप्पा, ती चप्पल नानांची आहे."

त्यांनी ती घातली आणि जिना उतरून गेले.

घरी येऊन मी कप्प्याची चेन उघडली.

सहा वर्षांपूर्वी आप्पांच्या युनिटमध्ये आमचा पहिला कॅम्प होता. कानाची तपासणी शांत बंद केबिनमध्ये करायची असते. तिथं आम्हाला शेडला लागून असलेलं स्टोअर दिलं होतं. भिंत थरथरत होती. अशा ठिकाणी टेस्ट होत नाही, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मग एक पद्धत पडलेली आहे. हेडफोन लावायचा, फोटो काढायचा, ऐकू येतं ना विचारायचं, आणि संध्याकाळी टेबलावर बसून सगळ्यांच्या रेघा वरच्या वर काढायच्या. आम्ही त्याला टेबल-ग्राफ म्हणतो.

आप्पांची मात्र मी खरी टेस्ट केली. ते माझ्या बोलण्यावरून ओळखून म्हणाले, शिरपूरकडचा का तू? माझी सासरवाडी तिकडचीच. आपला माणूस म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत, लूम बंद असताना, त्यांना पुन्हा बोलावलं. रेघ काढली. चार हजारच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, आकड्यावर दोन्ही कानांच्या रेघेला खाच पडली होती. ती खाच म्हणजे आवाजानं खाल्लेल्या कानाची सही असते. फार खोल नव्हती. त्या वेळी त्यांना कानात घालायचे प्लग मिळाले असते, शेडमधून कापडाच्या घड्या घालतात त्या शांत घडीखात्यात बदली झाली असती, तर गेलेलं परत आलं नसतं, पण उरलेलं बरंच राहिलं असतं.

मी तो कागद आमचे मॅनेजर मेहुलभाई यांना दाखवला. ते गाडीत बसून सर्टिफिकेटांवर शिक्के मारत होते.

"एकाचंच असं आलंय?"

"एकाचीच खरी टेस्ट केली."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. रागावले नाहीत. मेहुलभाई कधी रागावत नाहीत. म्हणाले, "सुधाकरभाई, हा कागद दिला तर शेठ विचारेल बाकीच्यांचं काय. मग बाकीच्यांचं काय?" शिक्का पुन्हा उचलून म्हणाले, "बधुं नॉर्मल लखी दो. सगळं नॉर्मल लिहून टाका. पुढच्या वर्षी केबिन मागू."

मी नवा फॉर्म घेतला. लाल गोल वर, निळ्या फुल्या वर. खाली लिहिलं, दोन्ही कानांची श्रवणशक्ती नॉर्मल. सही केली. जुना कागद फाडायला घेतला, फाडवला नाही. कप्प्यात टाकला. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी केबिन येईल.

केबिन आली नाही. पुढची पाच वर्षं मी आप्पांचा मागच्या वर्षीचा ग्राफ समोर ठेवून तसाच उतरवला. एखाद-दुसरी फुली जराशी हलवायचो, खरं वाटावं म्हणून. त्याच आप्पांनी पहिल्या वर्षी मला मंडळात आणलं होतं. रविवारी त्यांच्या शेजारी बसून मी गाणी ऐकायचो. एकदाही, खरंच एकदाही, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. याचाच मला अजून धक्का बसतो. माणूस इतकं वेगवेगळं कसं ठेवू शकतो?

सोमवारी मी मेहुलभाईंना सांगितलं, कडोदऱ्याच्या एका कामगाराला हॉस्पिटलच्या साउंडप्रूफ केबिनमध्ये नेऊन खरी टेस्ट करायची आहे.

"कंपनीनं सांगितलंय?"

"नाही. माझा मित्र आहे."

"मग मित्र म्हणून न्या. आपलं लेटरहेड नको."

आप्पांना मी सांगितलं, नवा स्पीकर घ्यायचाय, कुणाच्या कानाला कसा आवाज लागतो ते बघून घेऊ. म्हणजे पुन्हा खोटंच. ते खूश झाले. म्हणाले, एवढ्या दिवसांत आज अक्कल आली तुला. वहिनीही आल्या. त्यांच्या हातात एक प्लास्टिकची फाइल होती. मला वाटलं आधार कार्ड वगैरे असेल.

केबिन माझ्या ओळखीच्या हॉस्पिटलातली. तिथल्या कान तपासणाऱ्या मॅडमनी मला मशीनवर बसू दिलं. मी आप्पांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. कारखान्यातले लोक आमच्या बोटाकडे बघून बटण दाबतात. आपण आवाज सोडताना बोट हलतं, ते त्यांना कळतं. नोकरीची भीती असते. आप्पाही तेच करतील, असं मला वाटलं.

दार लागलं. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. जाड आवाजाला बटण दाबलं. त्याच्या वरच्यालाही दाबलं. मग एक हजारच्या पुढे, त्यांनी बटण दाबलं की माझ्या मशीनवर लागतो तो दिवा लागेना. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. चार हजारला मी आवाजाचं बटण अशा ठिकाणी नेलं की माझ्याच हेडफोनमधून तो आवाज मला टोचत होता. आप्पा शांत बसले होते. हातात बटण, पाठ ताठ, आवाजाची वाट बघत. मी जितका आवाज वाढवीत होतो, तितके ते जास्त शांत दिसत होते.

रेघ जिन्यासारखी खाली उतरली. पहिल्या कागदावरच्या खाचेची आता दरी झाली होती. अशा रेघा मी पुस्तकात पाहिल्या होत्या, लोकांच्याही पाहिल्या होत्या. पण माझ्या हातानं सहा वर्षं वर धरलेली रेघ खाली सोडल्यावर कुठे जाऊन पडते, ते पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर आल्यावर मी समोर बसून, ओठ नीट हलवत सांगितलं. दोन्ही कानांनी बारीक आवाज फार कमी येतो. मशीन लावावं लागेल.

आप्पा हसले. म्हणाले, "तुझं मशीन बिघडलंय." आणि वहिनींच्या हातातली फाइल घेतली. तिच्यात माझे सहा कागद होते. एकेक वेगळ्या पिशवीत घातलेला, वर्षांप्रमाणे लावलेला. सहा वेळा नॉर्मल, सहा वेळा माझी सही.

"हे काय मग?" ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी हिनं धोसरा लावला होता, कान दाखवा, कान दाखवा. डॉक्टरकडे नंबरसुद्धा लावला. मी हा कागद काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, आपला माणूस आहे. मशीन लावून लिहिलंय त्यानं. कान चांगलेत. तुझाच आवाज बसलाय."

वहिनींनी पदराची गाठ सोडली. आत ज्येष्ठमधाच्या चार-पाच काड्या होत्या. त्या त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "मी दोन वर्षं चघळते आहे, भाऊ."

मला वाटलं होतं की आप्पा लपवत होते. बहुतेक जण लपवतात. आप्पा लपवत नव्हते. त्यांनी स्वतःच्या कानापेक्षा माझ्या सहीवर जास्त विश्वास ठेवला होता. बासरी येईना, तर डबा खराब. बायकोचं बोलणं कळेना, तर तिचा घसा खराब. कान खराब असणं शक्यच नव्हतं, कारण कागदावर सुधाकरनं लिहिलं होतं. मी ते कागद लिहिलेच नसते, तर त्यांनी तीन वर्षांपूर्वी डॉक्टर गाठला असता. टेस्ट न करणाऱ्यापेक्षा खोटी टेस्ट करणारा वाईट, हे मला तेव्हा कळलं. नोकरीला लागल्यापासून कुणी शिकवलं नव्हतं.

मग आप्पांनी सरळ प्रश्न विचारला. "सुधाकर, मागच्या वर्षापर्यंत नॉर्मल होतं ना?"

माझ्या ओठांवर त्यांची नजर होती. दुसऱ्या कुणाला चुकवता आलं असतं, पुटपुटता आलं असतं. ओठ वाचणाऱ्या माणसासमोर पुटपुटता येत नाही.

मी म्हणालो, "हो."

त्यांना ते कळलं. शब्द अगदी बरोबर कळला. मान हलवून म्हणाले, "मग वर्षाभरातच गेलं म्हणायचं. वयच आहे."

पुढचं थोडक्यात. मॅडमच्या नव्या रिपोर्टवर आप्पांना शेडमधून घडीखात्यात घेतलं. दोन्ही कानांना मशीन बसलं. वहिनींनी ज्येष्ठमध बंद केला, आणि आता घरात हळू बोलावं लागतं अशी तक्रार सुरू केली. कार्यक्रमात अकरावं गाणं झालं. आम्ही एक बासरीवाला आणला होता, बारडोलीकडचा, चांगला वाजवणारा. आप्पा पहिल्या रांगेत होते. बासरी सुरू झाली तशी त्यांनी कपाळाला आठी घातली, दोन्ही कानांतून मशीन काढून खिशात टाकलं, डोळे मिटले, आणि बोटं हवेत धरली.

नंतर मी विचारलं. म्हणाले, "मशीनमधून शिट्टीसारखी येते रे. माझी आहे तीच बरी."

आता त्यांच्याकडे एवढी एकच बासरी आहे, डोक्यातली. तीही जुन्या रेकॉर्डवरची. नवीन कुठली बासरी त्यात आता भर घालू शकणार नाही.

मी आता टेबल-ग्राफ काढत नाही. केबिन नसेल तर फॉर्मवर 'तपासणी झाली नाही' असं लिहितो. दोन कंपन्यांनी आम्हाला परत बोलावलेलं नाही. मेहुलभाई रागावले नाहीत. माझ्याशी कमी बोलतात. आमच्या लाइनमध्ये शिकायला जे नवे येतात, त्यांना मी एकच सांगतो: माणूस कागदावर विश्वास ठेवतो, आणि आपल्या बोलीतल्या माणसाच्या कागदावर जास्तच ठेवतो. कागद कोरा राहिला तरी चालतो.

हे त्यांना सांगतो. आप्पांना मात्र अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी त्यांच्या शेजारी बसतो. ते आता टोमणे मारत नाहीत. म्हणतात, तुझा डबा चांगला होता रे, मी उगाच बोललो. ते असं म्हणतात तेव्हा मी फोनमध्ये पुढचं गाणं शोधतो.

आप्पांच्या शेडमधल्या, मी न तपासता नॉर्मल लिहून दिलेल्या बाकीच्या एकोणीस जणांची एकदा खरी तपासणी करून द्यायची राहिली आहे. आणि कप्प्यातला तो कागद आप्पांचा आहे. तो त्यांच्या हातात देऊन, समोर बसून, ओठ नीट हलवत, त्या दिवशी मी 'हो' म्हणालो ते खोटं होतं, हे सांगायचं मी त्यांना देणं लागतो.